दादूसच्या हातचा गिअर

१

त्या दिवशी सकाळी पावणे गावावर धुकं उतरलं होतं. पूर्वी खाडीवरून यायचं ते धुकं निराळं, ऊन पडलं की निघून जायचं. ह्यात कारखान्यांचा धूर मिसळलेला, त्यामुळे ते जायचं नावच घेत नव्हतं. पौषातली थंडी, वारा पडलेला, अंगणातला शेवगासुद्धा दिसेना. असल्या हवेत लोखंडाला घाम सुटतो.

वामनने कानाला मफलर बांधला, फडकं घेतलं आणि घरामागच्या खोपीत गेला. हे त्याचं रोजचंच. भातशेती सरकारने घेतली तेव्हापासून तो पावण्यातल्याच एका कारखान्यात लेथवर होता, आता डोळे थकले म्हणून घरी बसलेला. घरी बसलेल्या माणसाला सकाळी हातात धरायला काहीतरी लागतं. वामन मोटार पुसायचा.

मोटार मिठागराच्या शेठची. काळी, लांब नाकाची, दोन्ही अंगांना पाय ठेवायला फळ्या असलेली, विलायतेची. ती चालवायचा वामनचा थोरला भाऊ गोटीराम. आमच्या आगरी घरांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात, आणि गोटीरामला तर सगळा गावच दादूस म्हणायचा. एकाहत्तर साली होळीच्या आदल्या दिवशी दादूस शेठला ठाण्याला सोडून आला, मिठागराकडे एक चक्कर टाकून येतो म्हणाला, आणि गेला. संध्याकाळी सारसोळे गावाच्या अलीकडे खाडीच्या बांधावर मोटार सापडली. दार उघडं, इंजिन कोमट, गिअर न्यूट्रलला. माणूस नाही. भरतीची वेळ होती. सारसोळ्याच्या कोळ्यांनी होड्या घातल्या, जाळी फिरवली, पण हाताला काही लागलं नाही.

दादूसची बायको काशी. माणूस सापडला नाही म्हणून तिने कुंकू पुसलं नाही, आणि तिला कुणी पूस म्हणालंही नाही. पुढे मिठागरं गेली, शेठही गाव सोडून गेला. जाताना त्याने मोटार काशीच्या दारात आणून लावली. त्याचीच होती ती, एवढंच म्हणाला.

आता दादूसची मुलगी मीना लग्नाची झाली होती. तिला दिली होती सारसोळ्यालाच. वैशाखातला मुहूर्त. मुलाकडचे लोक चांगले, पण त्यांच्यातल्या एका जाणत्याने वामनला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की बारा वर्षं उलटून गेलीत, दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्या, म्हणजे तोही सुटेल आणि वहिनीही सुटेल. वामनला ते पटलं. किती दिवस त्या बाईने दाराकडे तोंड करून बसायचं? त्याने काशीपुढे विषय काढला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीनाला तिच्या बापाच्या गाडीतनं जाव दे, भावजी. तो तिला तसं बोललेला. मग तुमी काय म्हनाल ते करू. मग मी मोकळी."

म्हणजे सगळं त्या मोटारीवर आलं. आणि मोटारीचा दुसरा गिअर मोडला होता.

२

इंजिन वामनने दिवाळीतच चालू केलं होतं. इतकी वर्षं उभं राहिलेलं, पण तेल-पाणी मिळाल्यावर खोकत खोकत का होईना, लागलं. मग त्याने घाई केली. गंजलेल्या गिअरबॉक्सवर जोर लावला आणि दुसऱ्या गिअरच्या चाकाचे दाते कडाकड गेले.

ते मोडकं चाक फडक्यात बांधून वामन महिनाभर हिंडला. कुर्ल्याला गेला, भायखळ्याला गेला, चोरबाजारात गेला. लोक चाक हातात घेऊन बघायचे, कौतुक करायचे आणि परत द्यायचे. शेवटी तळोज्याला जयप्रकाश म्हणून एक भंगारवाला होता, त्याच्याकडे तो पोचला. त्याने चाक उजेडात धरून फिरवलं. म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, पण हे आता कुठे भेटणार नाय. बनवून घ्यायला लागेल. आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती वामनला लेथवर उभं राहून राहून माहीत होतीच. हे चाक ज्या दुसऱ्या चाकात फिरतं, तेही नवीन करायचं. दोन्ही नवी घालायची. एक नवं, एक जुनं घातलं तर त्यांचं जमत नाही.

वामन हो म्हणाला. पण घरी येऊन त्याने ते दुसरं, जुनं चाक डब्यातून बाहेर काढलं, रॉकेलने धुतलं, आणि त्याचा हातच थांबला.

ते चाक दादूसने झिजवलेलं होतं. प्रत्येक दात एकाच कडेने, एकसारखा. दादूसला क्लच एक कणभर लवकर सोडायची खोड होती. शेठ ओरडायचा, पण ती शेवटपर्यंत गेली नाही. गावात मोटार शिरली की वळणावर एक आवाज यायचा, गुर्र आणि मग टक्. तो आवाज ऐकला की काशी चुलीवर भात टाकायची. तो टक् इथं होता, ह्या कडेवर.

हे कसं फेकायचं? वामनने ते फेकलं नाही. त्याने नवं चाक कापून घेतलं, पावण्याच्या जुन्या कारखान्यात साहेबांना विचारून, स्वतःच्या हाताने. दाते कडक व्हावेत म्हणून पाणी द्यायला ते तळोज्याला पाठवलं. आणि मग जुन्या चाकाला नवं करण्याऐवजी नव्यालाच जुन्याच्या झिजेला बसवायचं ठरवलं.

३

हे काम सावकाशीचं. खोपीत त्याने एक घोडी तयार केली, तिच्यावर दोन्ही चाकं दातात दात घालून बसवली, मध्ये तेल आणि बारीक घासायची पूड. एका बाजूला हँडल. फिरवत बसायचं, पुसायचं, बघायचं, पुन्हा फिरवायचं. जुनं चाक नव्याला आपली वळणं शिकवतं. माघ त्यात गेला, अर्धा फाल्गुन गेला. काशी चहा आणून ठेवायची आणि क्षणभर उभी राहून आवाज ऐकायची. तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण ती हसून आत जायची.

वामनने एक बघितलं. हँडल सोडलं की चाकं थांबायची ती नेहमी एकाच दातावर. त्याने खडूने खूण केली. कितीही जोरात फिरवा, कुठेही सोडा, खडूची खूण वर येऊन उभी राहायची. नवं चाक एका अंगाला जड असेल, वामनने स्वतःला सांगितलं. त्याने ते उतरवून तपासलं, पण ते जड नव्हतं. मग घोडी वाकडी असेल, म्हणून तिच्या पायाखाली लाकडाची चीप घातली.

खूण वरच येत राहिली. वामनने ती पुसून टाकली आणि त्या दिवसापासून बघायचं सोडलं.

४

होळी झाली आणि मोटार पुन्हा चालती झाली. वामन तिला पहिल्यांदा गावाबाहेर घेऊन गेला, कारखान्यांमधल्या नव्या रस्त्यावर. रविवार होता, रस्ता मोकळा. मोटार लोण्यासारखी चालली. दुसऱ्यात टाकली आणि तो आवाज आला, गुर्र, टक्. वामनचे डोळे भरून आले. त्याने क्लच नीट सोडला होता, बरोबर वेळेवर सोडला होता, तरी तो आवाज आला.

परत येताना गावाच्या तोंडाशी पुन्हा तो आवाज झाला. घरी पोचला तर चुलीवर भात रटरटत होता आणि काशी हातात पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभी होती. वामनला बघून तिने तांब्या खाली ठेवला. पण तिने दोन क्षण मोटारीच्या दाराकडे बघितलं, तो उतरल्यावरही.

दुसऱ्या फेरीत ते पहिल्यांदा झालं. तुर्भ्याच्या पुढे रस्ता सरळ होता, सुतासारखा. वामन तिसऱ्यात होता, हात स्टिअरिंगवर. आणि त्याच्या गुडघ्याशी गिअरचा दांडा आपणहून सरकला. तिसऱ्यातून निघाला, दुसऱ्यात बसला. टक्. मोटार हळू झाली, थोडी पुढे गेली, आणि दांडा पुन्हा तिसऱ्यात गेला.

वामनने मोटार बाजूला घेतली. गिअर आपोआप सुटतो, हे होतं. आतली स्प्रिंग नरम पडली की सुटतो. पण सुटलेला गिअर न्यूट्रलला जातो. खालच्या गिअरमध्ये जात नाही, आणि गेला तर परत वर येत नाही. त्याने दांड्याच्या मुठीवर हात ठेवला. चैत्राचं ऊन होतं, मूठ गरम असायला काही हरकत नव्हती. पण वरून गरम आणि खालून थंड असायला हवी होती. ती चहूकडून गरम होती, कुणीतरी आत्ताच धरून सोडल्यासारखी.

घरी येऊन त्याने स्प्रिंग बदलली. पुढच्या वेळी त्याच जागी तेच झालं. आणि पुढे दोन ठिकाणी आणखी.

५

मग एके दिवशी वामन चालत गेला.

म्हातारा माणूस एकटाच नव्या रस्त्याने निघाला, हातात काठी, डोक्याला टोपी. तुर्भ्याच्या पुढे जिथे दांडा सरकायचा तिथे येऊन उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं. डांबर, मुरूम, विजेचा खांब, लांबवर सिडकोच्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. काहीच नाही. मग त्याने डोळे मिटले आणि इथे काय होतं ते आठवायला लागला.

इथे उघाडी होती. खाडीचं पाणी शेतात घ्यायची आणि सोडायची लाकडी झडप. तिच्या अलीकडे वाट अरुंद व्हायची आणि झपकन उजवीकडे वळायची. लहानपणी ते दोघे भाऊ तिथे निवटी मासे पकडायला बसायचे, चिखलात गुडघाभर. दादूस पकडायचा आणि वामन टोपली धरायचा. तिथे कुणीही गाडी हळूच घेणार. दुसऱ्यातच घेणार.

पुढची जागा भोकराच्या झाडाची, तिच्या पुढची पुलिया. वामन सगळीकडे उभा राहिला. सगळी वळणं मुरमाखाली गाडलेली होती आणि मोटार ती सगळी घेत होती.

उन्हात उभ्या उभ्या वामनला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. भराव खचला असेल, तो म्हणाला. खचलेल्या जागी रस्त्याला उतार पडतो, उतारावर गिअर ढिला होतो. असं होऊ शकतं. त्याने काठीने रस्ता ठोकून बघितला. रस्ता सपाट होता.

आता एकच जागा उरली होती, सारसोळ्याच्या अलीकडची. तिथपर्यंत तो अजून मोटार घेऊन गेला नव्हता. तिथे जुन्या वाटेवर दादूस दुसऱ्यात येत नसे. तिथे वाट सरळ बांधावर चढायची आणि बांध सरळ खाडीत जायचा.

६

लग्न आठवड्यावर आलं, हळकुंडं फुटली, तेव्हा वामन काशीसमोर जाऊन बसला. त्याने मनाशी ठरवलं होतं. तो म्हणाला, वाशीहून चांगली टॅक्सी सांगतो, फुलं लावून, पोरीचा थाट होईल. ह्या जुन्या गाडीचं काही खरं नाही.

काशीने विचारलं, "काय करते ती?"

वामनला खोटं बोलता आलं नाही. "जुन्या वाटेनं जाते, वहिनी."

काशी हळदीच्या हाताने पदर सावरत म्हणाली, "मग? तिला नवी वाट कुनी दावली?" आणि थोडं थांबून, एखाद्या बाहेरगावी असलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी, "त्याला काय म्हाईत, सिडकोनं हितं काय काय केलं ते."

वामनने वर बघितलं. तिच्या कपाळावर कुंकू मोठं होतं, रोजच्यापेक्षा मोठं. तिच्या चेहऱ्यावर त्याला भीती दिसली नाही, वेडही दिसलं नाही. दिसली ती लगीनघाई. मीनाही दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी बाबाच्याच गाडीतनं जानार."

दोघींपुढे वामनचं काय चालणार? त्याने एवढंच ठरवलं, की मोटार नव्या रस्त्याने, उन्हात, सावकाश न्यायची, आणि पूर्ण वाट गिअरच्या दांड्यावरचा हात काढायचा नाही.

७

वैशाखातली दुपार कलली तेव्हा वरात निघाली. बाकीची मंडळी टेम्पोत बसून पुढे गेली. मोटारीत मागे मीना आणि जावई सुधीर, पुढे वामन. शेजारची जागा मोकळी. रीतीप्रमाणे आई पोरीबरोबर सासरी जात नाही, म्हणून काशी दारातच राहिली. तिने मोटारीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, चाकाखाली नारळ दिला, मीनाच्या तोंडावरून हात फिरवला. मग पुढच्या मोकळ्या जागेकडे बघून तिने पदर डोक्यावर घेतला. वामनने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तुर्भ्याच्या पुढे दांडा सरकला. वामनचा हात त्याच्यावर होता, घट्ट. त्याचा हात दांड्याबरोबर गेला. लहानपणी दादूस पाटीवर त्याचा हात धरून रेघा ओढायचा, तसा गेला. दोघांनाही अक्षर येत नव्हतं, पण रेघा यायच्या. उघाडी गेली. भोकर गेलं. पुलिया गेली. मागे मीना मान खाली घालून रडत होती, नवऱ्या मुलीने रडावं तसं, आणि सुधीर खिडकीबाहेर बघत होता.

सारसोळ्याची तिवरांची झाडं दिसायला लागली. वामनने दांड्यावरचा हात काढलाच आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, उजवीकडे दाबून. मोटार डावीकडे ओढेल, बांधाकडे, खाडीकडे, ह्याची त्याने तयारी ठेवली होती. तिने ओढ घेतली नाही. दांडा फक्त न्यूट्रलला आला. इंजिन गुरगुरत राहिलं, मोटार घरंगळत गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

सुधीरने विचारलं, बंद पडली काय. वामन म्हणाला, नाही, आता निघू.

तो गिअर टाकायला गेला. गिअर पडेना. अडकलेला गिअर वामनने जन्मभर बघितला होता. अडकलेला गिअर करकरतो, दांडा हाताला झटके देतो. हा करकरत नव्हता. हा धरून ठेवलेला होता. वामनच्या मुठीखाली मूठ गरम होती, आणि त्याच्या बोटांच्या मधे मधे आणखी काहीतरी गरम होतं.

वामन अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "दादूस, पोरीला जाव दे."

वरच्या आरशात मीनाने मान वर केली. ती वामनकडे बघत नव्हती. ती पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत होती, आणि तिचं रडणं थांबलं होतं. तिने हळूच डोकं पुढे झुकवलं. तिच्या अंबाड्यावर अबोलीची भरगच्च वेणी होती. ती वेणी दबली. तळहात ठेवल्यावर दबते तेवढीच, आणि तेवढाच वेळ. मग फुलं पुन्हा वर आली.

दांडा मोकळा झाला.

सारसोळ्याला उतरताना मीनाने वामनचे पाय धरले. मग ती मोटारीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेली आणि तिकडच्या फळीला हात लावून तो कपाळाला लावला. लोकांना वाटलं, गाडीच्या पाया पडली.

८

त्याला तिथे थांबवून घेतलं, सरबत दिलं, जेवायचा आग्रह केला. गावची पोरं मोटारीच्या फळ्यांवर चढत होती, हॉर्न वाजवत होती, आणि वामन ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होता. मोटार त्याच्या डोळ्यांपुढून एक क्षणही हलली नाही. ऊन उतरलं तेव्हा तो निघाला.

सारसोळ्याच्या बाहेर तो त्या जागी मुद्दाम हळू झाला. काही झालं नाही. पुलिया आली, भोकर आलं, उघाडी आली. दांडा तिसऱ्यातच राहिला, गप्प, लोखंडाच्या कुठल्याही तुकड्यासारखा. वामनने स्वतःच दुसरा टाकून बघितला. नुसता गिअर पडला. गुर्र नाही, टक् नाही.

त्याला हायसं वाटलं आणि रडूही आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोटार रिकामी वाटली. पोरीला पोचवायचं म्हणाला होता दादूस, पोचवून गेला. वामन वाटेत मनातल्या मनात शब्द जुळवत होता, काशीला कसं सांगायचं ते. वहिनी, तो आला होता, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. आता त्याला सोडू या. दर्भ मी आणतो. आपण दोघं बांधावर जाऊ. ती रडेल, आणि रडली की बरं होईल. कुंकवाचं काय ते तिचं तिने ठरवावं, आपण बोलायचं नाही.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. देवापुढे निरंजन तेवत होतं, दार उघडं होतं. वामनने हाक मारली. आत गेला, मागे गेला, खोपीत बघून आला. परसात गेला. काशी नव्हती.

अंगणात पोपट म्हणून एक शेजारी मांडवाचे वासे सोडत होता. पोपट वामनच्याच वयाचा, कधी कुणाच्या अध्यात न मध्यात. त्याने वामनकडे बघितलं, मग दारातल्या मोटारीकडे बघितलं, पुन्हा वामनकडे बघितलं. सुंभ त्याच्या हातातच राहिलं. मग म्हणाला,

"आरं वामन, तू परत कवा आलास? मघाशीच गाडी आली हुती ना दारात. तूच असशील म्हनून आत कोन हाय ते मी बघितलं नाय. वहिनी शालू नेसून बाहेर आली, पुढं बसली, आन् गाडी खाडीच्या अंगाला वळली, तिकडं आता रस्ता बी नाय. मी इचारलं, वहिनी, पोरीचं घर तर दुसऱ्या अंगाला हाय, तू कुठं चाललीस. तर हसली. म्हनली, किती वर्सं लावली ह्यांनी यायला."